वाहन चालवण्यास योग्य

२ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचा! दोन बॅगा, एक वळकटी आणि बायकोनं बळेबळे गळ्यात मारलेली इस्त्री. एकट्या माणसाला इस्त्री कशाला म्हटलं, तर म्हणे चुरगळलेला युनिफॉर्म बघून साहेब पहिल्याच दिवशी काय ते ओळखतील. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एक खिडकी रस्त्याकडे, दुसरी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे, इतकी जवळ की हात बाहेर काढला तर भिंतीला लागतो. घरमालकीणबाईंनी किल्ली देताना बजावलं की भिंतीला खिळे नकोत, जिन्यात चपला नकोत आणि पाहुणे नकोत. बायको नि पोरगी येणार आहेत म्हटल्यावर जरा विरघळल्या. पोरगी कितवीत, खाते काय, सगळी चौकशी केली.

काम मनासारखं आहे. मोठ्या कारखान्यातल्या कामगारांची ने-आण करायची. बेचाळीस सीटची गाडी. सहा वर्षं ट्रकवर काढली, पोती कधी तक्रार करत नाहीत आणि कधी थँक्यूही म्हणत नाहीत. आता माणसं न्यायची. मला फार बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

ही वही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. गाव बदलतोयस, रोज झोप आणि मन दोन्ही लिहून ठेव म्हणाले. सहा वर्षांपूर्वी मला नसलेली माणसं दिसायला लागली होती. चार महिने घरच्यांच्या नाकी नऊ आणले मी. तेव्हापासून रात्री जेवल्यावर एक गोळी घेतो, आणि त्या दिवसापासून आजपर्यंत एकही फालतू माणूस दिसलेला नाही. एवढी ती गोळी गुणाची.

झोप: साडेसात तास. मन: उगाचच गुणगुणतोय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

अजून गाडी हातात नाही. मेडिकल पास झाल्याशिवाय माणसं बसवून चालवू देत नाहीत. तोवर उस्तादच्या शेजारी बसून रस्ता शिकतोय. उस्ताद म्हणजे इथला सर्वांत जुना ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं झाली चालवतोय, मिशी रंगवतो, आणि जगातल्या प्रत्येक विषयावर त्याचं एक ठाम मत असतं. कोणता साबण चांगला इथपासून कोणाचं लग्न मोडणार इथपर्यंत.

सकाळी सहाला डेपोतून निघायचं, नऊ थांबे घ्यायचे, सातला कारखान्याच्या गेटवर सगळ्यांना उतरवायचं आणि रिकामी गाडी घेऊन परत. पहिल्या पाळीची माणसं चढतात नि बसल्या जागी झोपतात. आरशात बघितलं की बेचाळीस माना एकाच बाजूला कललेल्या. उस्ताद म्हणतो, ही झोप म्हणजे आपलं सर्टिफिकेट, ज्याची गाडी धक्के खाते त्याच्या गाडीत कोणी झोपत नाही. हे मला पटलं.

झोप: सात तास. मन: ठीक.

८ फेब्रुवारी, रविवार

मेडिकलचा फॉर्म मिळाला. वीसला तपासणी. डोळे, कान, रक्तदाब, साखर, इथवरचे रकाने ठीक. मग तिसऱ्या पानावर एक रकाना: मनाच्या आजारासाठी सध्या कोणतं औषध घेता का? हो किंवा नाही.

ट्रकवर होतो तिथं असलं काही नव्हतं. डोळे उघडे आहेत ना, मग चालव, एवढीच तपासणी.

इथं मेडिकल म्हणजे अख्ख्या डेपोचा उद्योग. डोळे तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ सगळ्यांना पाठ आहे. ती ड्यूटीच्या कागदामागं लिहून नव्या माणसाच्या हातात देतात, मलाही दिली. एकजण वजन भरू नये म्हणून तीन दिवस जेवत नाही. एकानं रक्तदाबासाठी लसूण खाऊन डॉक्टरांनाच खिडकी उघडायला लावली होती. हसून हसून पोट दुखलं माझं. त्या हसण्याच्या भरात मी उस्तादला विचारलं, माझ्या एका मित्राला अशी अशी गोळी चालू आहे, त्यानं काय लिहावं?

उस्तादनं मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, मित्राला सांग, झाकली मूठ सव्वा लाखाची. ‘हो’ लिहिलंस की मेलास, दुसऱ्या दिवशी टायर मोजायला गोदामात बसवतात. आणि गोळी आधी दहा-बारा दिवस बंद करायला सांग, रक्तात सापडते. पास झाल्यावरही तीन महिने अचानक रक्त घेतात, तेव्हा लगेच सुरू करायची नाही. असं म्हणून त्यानं मित्राच्या तब्येतीला शुभेच्छा दिल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

बायकोला फोन केला. पोरीच्या शाळेचं इथलं नक्की झालंय. एप्रिलमध्ये दोघी येणार. पोरगी विचारत होती की तुझ्या बसमध्ये मला पुढं बसवशील का.

९ फेब्रुवारी, सोमवार

रकान्यात ‘नाही’ लिहिलं. गोळ्यांची पाकिटं बॅगेच्या तळाशी, हिवाळी कोटाच्या खिशात ठेवली. आज घेतली नाही. चोरी केल्यासारखं वाटतंय, पण वीसपर्यंतच तर आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गंगेत घोडं न्हालं! पास!

तक्त्याची शेवटची ओळ मी न बघता म्हणू शकलो असतो, पण दिसतच होती मला स्पष्ट. डॉक्टरीणबाई तरुण, कडक, पण माणूस चांगला. माझ्या फॉर्मवर शिक्का मारला, ‘वाहन चालवण्यास योग्य’, आणि बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर बसलो तेव्हा दार उघडंच होतं. माझ्यानंतर दुसऱ्या कंपनीचा एक टँकरवाला गेला. त्यानं रकान्यात सरळ ‘हो’ लिहिलं होतं. मी कान टवकारले. बाईंनी त्याला विचारलं की गोळी रोज घेता का, झोप येते का, शेवटचा त्रास कधी झाला होता. म्हणाल्या, तुमच्या डॉक्टरांचं पत्र आणलंय ते पुरे, गोळी चालू ठेवा, ती बंद केलीत तर मात्र मी तुम्हाला चालवू देणार नाही. आणि त्याच्याही फॉर्मवर तोच शिक्का मारला.

रक्तात तसलं काही शोधतच नाहीत. साखर बघतात फक्त.

मी दारापर्यंत गेलो होतो उठून. काय सांगणार होतो? की मी खोटं लिहिलंय, दुसरा फॉर्म द्या? हात दाखवून अवलक्षण. शिक्का हातात होता. आलो निघून. उस्तादनं मला चहा पाजला.

१ मार्च, रविवार

आठवडाभर एकट्यानं गाडी चालवली. सगळे झोपतात! बेचाळीसच्या बेचाळीस!

खरं सांगू का, गोळीशिवाय फार बरं वाटतंय. सकाळी डोकं जड नसतं. रंग उजळ दिसतात. टँकरवाल्याचं ऐकल्यावर गोळी परत सुरू करायला हवी होती, कळतंय. पण कदाचित मला तिची गरजच उरली नसेल. सहा वर्षं म्हणजे काय कमी झाली? बायकोनं फोनवर विचारलं, गोळी घेतोस ना? हो म्हटलं. तिनं परत विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

झोप: सहा तास.

१४ मार्च, शनिवार

झोप: तीन तास. कालही तीन. तरी थकवा नाही. मन: पळतंय. खोली पुसली, इस्त्रीचे कपडे परत इस्त्री केले. भिंतीपलीकडचे शेजारी माझ्याबद्दल बोलतात असं वाटलं. खिडकी लावून घेतली. शेजारी आहेत, बोलणारच.

१७ मार्च, मंगळवार

सहा वाजून चाळीस मिनिटं. लाकडाच्या वखारीच्या वळणावर रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा होता. पाठमोरा. करडा स्वेटर, हात खाली सोडलेले. मी ब्रेकवर उभाच राहिलो. अख्खी गाडी किंचाळून जागी झाली, डबे घरंगळले, एकाच्या कपाळाला टेंगूळ आलं.

समोर कोणी नव्हतं.

कुत्रं होतं म्हणून सांगितलं. 

२० मार्च, शुक्रवार

परत तोच. या वेळी पेट्रोलपंपाजवळ. परत ब्रेक. एका बाईचं नाक फुटलं, ती रडत होती आणि मी तिची माफी मागत होतो. तक्रार गेली. साहेबांनी बोलावलं. ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, माणूस चांगला दिसतोस, पण तिसऱ्यांदा झालं तर परत मेडिकलला पाठवावं लागेल.

परत मेडिकल म्हणजे सगळं उघडं. खोटा फॉर्म. नोकरी जाईल, लायसनही जाईल. तिकडे घर सोडायची नोटीस दिली आहे बायकोनं. पोरीचा दाखला काढला आहे.

तिसऱ्यांदा होता कामा नये.

२३ मार्च, सोमवार

आमच्या डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं, रडलो. रागावले नाहीत ते. म्हणाले, आजच्या आज पूर्ण गोळी सुरू कर, पण लागू पडायला काही आठवडे जातील, तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मी पत्र देतो, साहेबांना खरं काय ते सांग, तुला कोणी खाणार नाही. हो म्हटलं.

गोळी घेतली. अर्धी. पूर्ण घेतली तर पहाटे डोळे उघडणार नाहीत. साहेबांना सांगेन. बारा एप्रिलला दोघी येऊ देत, मग सांगेन.

२५ मार्च, बुधवार

उपाय सापडला!

माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या सीटवर एक बाई बसतात. पन्नाशीच्या, जाड चष्मा, मांडीवर हिरवी लोकर, सारखं विणत असतात. नव्यानं लागल्या असाव्यात कामाला. सगळी गाडी झोपलेली आणि ह्या एकट्या जाग्या. आज वखारीपाशी पाठमोरा उभा होताच. पाय ब्रेकवर गेला, आणि सहज नजर बाईंकडे गेली. समोर काच आहे, माणूस असता तर दिसलाच असता त्यांना. त्यांनी मानही वर केली नाही. टाका घातला, पुढचा घातला.

मी ब्रेक दाबला नाही.  गाडी त्याच्यातून गेली. आवाज नाही, धक्का नाही, काही नाही. मागं सगळे झोपलेले.

गेटवर सगळे उतरल्यावर मी गाडीत एकटाच बसून खूप रडलो, सुटल्यासारखं.

२७ मार्च, शुक्रवार

आज खरंच कुत्रं आडवं आलं. बाईंनी झटकन मान वर केली! मी हळूच ब्रेक लावला, कुत्रं गेलं, कोणाची झोपही मोडली नाही. म्हणजे हिशेब सोपा: बाई बघतात ते खरं, बाई बघत नाहीत ते माझं. त्यांना नमस्कार केला. उत्तर दिलं नाही, कमी ऐकू येत असेल. विणकाम मात्र झकास.

बायकोला फोनवर गमतीनं सांगितलं की एका बाईच्या भरवशावर नोकरी चाललीय माझी. ती हसली नाही. गोळी घेतोस ना, एवढंच विचारलं.

३ एप्रिल, शुक्रवार

पाठमोरा रोज येतो. दोनदा, तीनदा. रोज त्याच्यातून जातो. सवय होते माणसाला कशाचीही. आता पायही ब्रेककडे जात नाही, आधी डावीकडे बघतो.

झोप: पाच तास. बरी.

८ एप्रिल, बुधवार

चार दिवस पाठमोरा नाही! अर्धी का होईना, गोळी लागू पडली. भिंतीपलीकडचेही गप्प. रंगसुद्धा साधे झालेत. रविवारी दोघी येणार. पोरीसाठी पलंगाला नवी चादर आणली. खिळा न ठोकता पडदा कसा लावायचा ते घरमालकीणबाईंनी स्वतः दाखवलं.

९ एप्रिल, गुरुवार, सकाळी पावणेनऊ

डेपोत आलोय. जाताना सगळं ठीक, सगळे झोपलेले. गेटवर उतरवलं, गाडी रिकामी करून परत निघालो. येताना चार दिवसांनी तो परत दिसला. गोदामांच्या चौकात, पिवळ्या पट्ट्यांवर. आज स्वेटर नव्हता, निळा शर्ट होता. आणि आज पाठमोरा नव्हता, माझ्याकडे तोंड करून एक हात वर करून उभा होता. कपडे बदलून आलास होय, असं मी मोठ्यानं म्हणालोसुद्धा. पाय ब्रेकवर ठेवून डावीकडे बघितलं. बाईंनी मान वर केली नाही. गेलो पुढं. चौकातल्या गतिरोधकावर गाडी जरा उडाली, आधी पुढचं चाक, मग मागचं. वेग जास्त होता वाटतं. उद्यापासून तिथं हळू

नऊ वाजता

चहा आणायला उठलो होतो. उस्तादला विचारलं, गोदामांच्या चौकात गतिरोधक कधी केला? म्हणाला, त्या चौकात कधीच नव्हता, अजूनही नाही.

मग मी वरचं परत वाचलं.

गाडी रिकामी होती. सगळे गेटवर उतरले होते. मीच उतरवले. शेवटची सीट बघून आलो होतो, रोज बघतो, विसरलेले डबे असतात. कोणी नव्हतं.

मग बाई कुठून

रोजच येताना असतात. रोज. मी कधी विचारच केला नाही की ह्या उतरत का नाहीत.

म्हणजे मी कोणाला विचारत होतो इतके दिवस. पंचवीस मार्चपासून. कोणाकोणातून

सव्वानऊ

नाही. ते सगळे करडे स्वेटरवाले होते. आवाज नव्हता. धक्का नव्हता. ते नव्हतेच. नक्की.

आज धक्का होता.

हात वर केला होता त्यानं. थांबा म्हणून. बसला हात करतात तसा.

गाडी आवारात उभी आहे, तोंड भिंतीकडे. पुढची बाजू इथून दिसत नाही. बघून यायला हवं. दोनदा दारापर्यंत गेलो. परत आलो. देवा, गतिरोधक असू दे. पोतं असू दे.

नऊ पंचवीस

कोणी तिथं पडला असेल तर? अजून असेल तर? मी इथं वही घेऊन बसलोय! फोन करायला हवा. साहेबांना आधी. अँब्युलन्सला आधी. काय सांगू, कोणता चौक

फोन केला. चौक सांगितला. नाव विचारलं त्यांनी, सांगितलं. फोनवरची मुलगी म्हणाली, तिथं अँब्युलन्स मघाशीच गेलीय, कोणीतरी कळवलंय.

कोणीतरी कळवलंय.

म्हणजे होता.

गाडी धुणारा नळी घेऊन पुढं गेलाय. पाणी सुरू. पाणी थांबलं. तो साहेबांना हाक मारतोय. उस्तादही धावला. तिघं बंपरपाशी वाकलेत. साहेबांनी मान वर करून इकडं बघितलं.

जातो. सगळं सांगतो, पहिल्या गोळीपासून. त्याआधी एवढं लिहितो, म्हणजे बायकोला कळेल. तुम्हा दोघींना इथं आणायचं होतं म्हणून लपवलं. तू विचारत होतीस, मी हो म्हणत होतो. आणि खोटं नाही सांगत, तो मला दिसला होता. अगदी स्पष्ट दिसला होता. बराच आधी दिसला. थांबायला जागा होती. पाय ब्रेकवर होता माझा, नुसता दाबायचा